शमीमआपांची पतंगशाळा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात दारामागे कापडी पिशव्या साठतात ना, तसे ते साठत जातात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये अठरा वर्षं काढल्यावर माझ्याकडे असा ढीगच झालाय. पण त्यातले निम्मे एकाच शनिवार-रविवारचे आहेत. पतंग बनवायची कार्यशाळा होती. त्या दोन दिवसांत नक्की काय चाललंय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता सांगायला बसले तरी पुरतं कळलंय असं नाही.

*

सुरुवात ग्रुपवरच्या सूचनेपासून. संक्रांतीच्या आधीचा आठवडा. आमच्या क्लार्कने टाकलं : 'शनिवार-रविवार पतंग कार्यशाळा. सर्व शिक्षकांची उपस्थिती अनिवार्य. येताना घरून खल आणावी.'

मी मराठी शिकवते. खल पुल्लिंगी. खल 'आणावा' लागतो. 'आणावी' वाचल्याबरोबर मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट वाटलं, काच कुटून मांजा करायला शिकवणार असतील, आणि शाळेत हे असलं कशाला, म्हणून मी नवऱ्यासमोर अर्धा तास चिडचिड केली. मग निमूटपणे लोखंडी खलबत्ता स्कूटीवर पायाशी ठेवून निघाले.

हॉलमध्ये जाऊन बघते तर टेबलावर अकरा खल! गणिताच्या भोसले सरांनी तर दगडी आणला होता, टॉवेलात गुंडाळून. "घरी आज मसाला मिक्सरवर," म्हणाले.

फक्त विज्ञानाच्या गड्डम बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या घरी दोन पिढ्या माग होते. डब्यात पांढरी, चिकट खळ. आमचे खल बघून त्या दारातच थांबल्या.

"अहो, खळ! चिकटवायची खळ! सुताला लावतात ती. आमच्या घरात लहान पोराला पण कळतं हे."

क्लार्कच्या मोबाइलने ळ चा ल केला होता. आम्ही अकरा खल भिंतीशी ओळीने लावले आणि गड्डम बाईंच्या एका डब्याभोवती बसलो. शिकवणाऱ्या बाईंचा मात्र अजून पत्ता नव्हता.

*

त्या साडेनऊलाच आल्या होत्या. आमचा शिपाई शिवप्पा, मूळचा अक्कलकोटकडचा, शिस्तीचा माणूस. हातात भली मोठी पिशवी घेतलेली, डोक्यावर पदर घेतलेली बाई गेटातून आत आली म्हटल्यावर त्याने तिला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, "अ‍ॅडमिशन बंद हायत. नातवाला जूनमध्ये घेऊन या."

त्या म्हणाल्या, "नातू नाही, मैं पतंग..."

"तेच्यासाठी पण जूनमध्येच."

तर आत आम्ही चौदा जण वाट बघतोय आणि बाहेर त्या पाऊण तास बाकावर. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले, तेव्हा पिशवीतून डोकावणाऱ्या कामट्या दिसल्या. माझा चेहरा शरमेने लाल झाला. त्या मात्र शांत होत्या. "मेरेकू वाटलं, मोठ्या शाळेत असंच असतं," म्हणाल्या.

या शमीमआपा. तीस वर्षं घरात बसून पतंग चिकटवतात आणि नवी पेठेतल्या दुकानांना देतात. आजवर त्यांना कोणी काही शिकवायला बोलावलं नव्हतं. आमच्या संस्थेच्या सचिव साहेबांनी बोलावलं, पण अटीवर. रविवारी चारला साहेब स्वतः मैदानावर येणार. शिक्षकांनी बनवलेला पतंग उडाला, तर शनिवारचा हस्तकलेचा तास आपांचा, कायमचा. नाही उडाला, तर मातीकाम आहेच.

आपांनी त्यासाठी नवीन चपला घेतल्या होत्या. हॉलच्या दाराशी काढल्या आणि दोन दिवस मध्ये-मध्ये मान वळवून त्या जागेवर आहेत ना, ते बघत राहिल्या. मला या बाईंचा तास व्हावा असं फार मनापासून वाटायला लागलं. का, ते सांगता येणार नाही. बहुतेक त्या पाऊण तासामुळे.

*

आपांचं माप म्हणजे वीत आणि बोटं. "उभी कामटी दोन वीत, कमान अडीच."

भोसले सरांना हे चालणारच नव्हतं. "सेंटीमीटरमध्ये सांगा."

"अंदाजसे."

सरांनी पट्टी काढली आणि आपांची वीत मोजली. साडेअठरा. फळ्यावर लिहिली. पण तोवर बाकीच्यांनी आपापल्या वितीने कामट्या कापल्याही होत्या. पीटीच्या सरांचा पतंग दाराएवढा आणि माझा वहीएवढा.

सरांनी धीर सोडला नाही. "ही कमान वाकवल्यावर इथे कोन किती अंशांचा?"

आपांनी कमान वाकवली, दोऱ्याने बांधली, डोळ्यांसमोर धरली. "जितना बैठता, उतना."

सरांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी स्वतः वाचलंय. 'कोन = जितना बैठता उतना.' खाली दोन रेघा.

आपांचा पतंग चार मिनिटांत तयार झाला. सरांचा दोन तासांनी. दिसायला अगदी प्रमाणबद्ध, पण हातात घेतला की एका बाजूला कलंडायचा. आपांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हिसाब सही है सर, पतंग गलत है."

*

दुपारी शिवप्पा चहा घेऊन आला. टेबलावर रंगीत कागद बघून म्हणाला, "ओ, गाळीपट व्हय!"

गड्डम बाई एकदम खुलल्या. "आम्ही पण गालिपटमच म्हणतो, तेलुगूत."

आपांनी हातातली कात्री खाली ठेवली. "कौन गाली दिया?"

शिवप्पा कानडीत समजावतोय, गड्डम बाई तेलुगूत, आणि भोसले सर हात वर करून म्हणताहेत, "शाळेच्या आवारात शिवीगाळ नको." गाळी म्हणजे वारा, एवढं एक वाक्य मध्ये घालायला मला दहा मिनिटं लागली. तोवर पतंगाची कन्नी बांधायचा भाग आला होता, आणि निम्म्या लोकांनी चहाच्या निमित्ताने कन्नी कापली होती.

*

रविवारची सकाळ. आपांची दोरा गुंडाळायची फिरकी ऑफिसात राहिली होती. गड्डम बाईंनी शिवप्पाला हाक मारली. "शिवप्पा, जरा आपांची फिरकी घे."

शिवप्पा घुटमळला. "मी न्हाय बाई. पावण्या माणसाची कशाला घ्यायची?"

"अरे, घे म्हणते ना. साहेब यायच्या आत घे."

पाच मिनिटांनी बघतो तर आपा पिशवी भरतायत. चपला घातलेल्या. डोळे भरलेले.

"काय झालं आपा?"

"शिवप्पाभाई बोले, साहेबांचा फोन आला. तास कॅन्सल. तुमारा नाम लिस्टमें नाही."

मी शिवप्पाला कोपऱ्यात घेतलं. आयुष्यात मी इतकी कोणावर ओरडले नसेन. तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा.

"बाईंनीच सांगितलं, फिरकी घे. मी दोनदा नको म्हटलं की. मग घेतली."

आपांना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्या आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. शिवप्पाला मात्र त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. फिरकी शेवटी मीच आणली.

*

पण खरा गोंधळ पुढेच होता. बारा वाजता पंधरा पतंग तयार. भोसले सर म्हणाले, "आपा, आता एक उडवून दाखवा, म्हणजे चार वाजता आम्हाला जमेल."

आपा म्हणाल्या, "मैं कहां उडायी?"

"म्हणजे?"

"मैं बनाती. उडवायचं काम भाई लोकांचं, नंतर पोरांचं. मैं नीचे बैठके चिपकाती. माडीवर गेले तर घरचं काम कोण करणार?"

तीस वर्षं. किती पतंग त्या हातांतून गेले असतील, आणि एकाचाही दोरा कधी हातात धरलेला नाही. मला त्यांची दया येत होती की आमची, तेच समजेना.

"मग उडतात कशावरून?" पीटीच्या सरांनी विचारलं.

आपा विचारात पडल्या. "दुकानदार वापस नहीं लाया कभी."

मग ठरलं की उडवायचं आम्ही, आणि लहानपणी खिडकीतून जे जे ऐकलंय ते आपांनी मागून सांगायचं. भोसले सरांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. तो गुजरातीत होता. कोणालाच कळला नाही, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

*

चारला सचिव साहेब आले. पांढरा सफारी, कपाळाला गंध. मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवली होती, पण ते उभेच राहिले, म्हणजे लवकर आटपायचं होतं.

पहिला मान भोसले सरांचा. पतंग वर गेला, गिरकी घेतली आणि सरांच्याच पायाशी आला. पीटीच्या सरांचा दाराएवढा पतंग वाऱ्याने धरला आणि सरांनाच चार पावलं ओढून नेलं, मग फाटला. गड्डम बाईंचा झाडात. माझा उडालाच नाही, मी नुसतीच धावले. चौदा पतंग झाले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मुख्याध्यापकांना हळूच म्हणाले, "मातीकामाचे सर आहेत ना अजून?"

आपांनी ते ऐकलं. चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर कमरेला खोचला. उरलेला एक पतंग उचलला. तो त्यांचाच, शनिवारचा, चार मिनिटांत केलेला. जवळ कोण उभं आहे ते न बघता त्यांनी तो शेजारच्या माणसाच्या हातात दिला. तो माणूस म्हणजे सचिव साहेब.

"दोनों हाथसे पकडो. ऊपर करो. मैं बोली की छोडना."

साहेबांनी दोन्ही हात वर केले. आजवर त्यांना कोणी हात वर करायला सांगितलं नसावं. आपा दोरा सोडत मागे गेल्या, मैदानाच्या पार टोकाला, ऑफिसच्या व्हरांड्याजवळ. वारा आला. आणि पतंग सोडायचा इशारा म्हणून लहानपणी माडीवरून कानावर आलेला शब्द आठवून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या,

"छुट्टी दो!"

व्हरांड्यात घंटेखाली शिवप्पा उभा होता. सकाळी आपांशी चुकला होता बिचारा. आता त्याने एक क्षणही लावला नाही. हातोडा उचलला आणि लांबलचक, शाळा सुटायची घंटा दिली.

दोन दिवस अडकून पडलेले शिक्षक ते! मुख्याध्यापकसुद्धा थांबले नाहीत. दीड मिनिटात मैदान रिकामं. भोसले सर दगडी खल काखेत मारून गेटबाहेर पडताना मी पाहिले. शिवप्पा हॉलला कुलूप लावायला पळाला. मी उरले, कारण माझी स्कूटी साहेबांच्या गाडीमागे अडकली होती.

घंटेने दचकून साहेबांची पकड सुटली होती. आणि पतंग वर निघाला. आधी व्हरांड्याच्या पत्र्याएवढा उंच, मग निलगिरीच्या शेंड्याएवढा, मग त्याच्याही वर. आपांच्या हातात फिरकी सरसर फिरत होती. डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. मला रडू येत होतं. साहेब हात तसेच वर धरून उभे होते. खाली घ्या, असं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पतंग बोटभर दिसायला लागल्यावर साहेबांनी हात खाली घेतले. मैदान ओलांडून आपांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वर बघतच म्हणाले, "येत्या शनिवारी साडेसातला या, बाई. प्रार्थनेच्या आत."

आपांनी आभाळावरची नजर काढली नाही.

"आती साब. पर पहले इसकू नीचे कैसा लाते, वो बोलो."