करपलेली खीर

दूध तळाला लागल्याचा वास आला, की मन आजही वरवंडच्या आमच्या विहाराकडे धावत सुटतं.

नव्वदच्या दशकातला तो पावसाळा. वस्तीत पहिल्यांदाच एक भंते वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात राहिले होते आणि त्या दिवशी भोजनदानाचा मान आमच्या घराला मिळाला होता. दुपारी बारानंतर भंते अन्न घेत नसत. दूध उशिरा आलं, आईनं जाळ वाढवला आणि खीर खाली लागली.

"वयनी, भंत्यांना उपाशी ठिवताय व्हय आज?" शेजारच्या काकू हसल्या.

आईनं पातेलं उचललं, मी भाकरीची दुरडी. ओल्या चिखलातून आम्ही पळालो.

आदल्याच संध्याकाळी भंत्यांनी आम्हा मुलांना सांगितलं होतं, की उपासिका हा जुना पाली शब्द, त्याचा मूळ अर्थ जवळ बसणारी. संघाजवळ बसून जी धम्म ऐकते, संघाच्या अन्नवस्त्राची काळजी वाहते, ती उपासिका.

वेळेत पोहोचलो. पण आई दारातच थबकली. ज्यांच्या मळ्यात ती मजुरीला जाई, त्या बागायतदारांच्या ओसरीपुढे ती अशीच पायरीखाली उभी राहत असे. ती का थबकली, ते मला आज कळतं.

"खीर लागलीया, भंते," ती पुटपुटली.

"उपासिके, आत या," म्हणत त्यांनी भिक्षापात्र पुढे केलं. आईनं खीर वाढली आणि समोरच्या सतरंजीवर टेकली. मग भंते माझ्याकडे वळले आणि एवढ्याशा पोरीला, मोठ्या माणसाला म्हणावं तसं, म्हणाले, "बसा."