हजिऱ्याच्या रस्त्यावरची सोबत

बापूचा अपघात झाला त्यानंतर बरेच दिवस मी देव्हाऱ्यात दिवा लावत होते, पण हात जोडत नव्हते. आई बघत असली तर जोडल्यासारखे करायचे. बापू माझा धाकटा भाऊ. सुरतेजवळ हजिऱ्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करायचा आणि उधन्याच्या घरून बहुतेक वेळा सायकलनेच जायचा-यायचा. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. वडील कापडाच्या लूमवर काम करायला सुरतेला आले, इथेच राहिले आणि इथेच गेले. सप्तशृंगी आमची कुलदेवी. त्या वर्षी आमच्या भागातल्या खानदेशी मंडळाने पहिल्यांदाच ठरवलं होतं, की चैत्रात सुरतेहून थेट गडापर्यंत सायकलने जायचं. सगळ्यांत आधी नाव दिलं बापूने. आणि दिवाळीनंतर, कामावरून घरी येताना, हजिऱ्याच्या रस्त्यावर इच्छापोरजवळ एका ट्रकने त्याला उडवलं. ट्रकवाला थांबलाही नाही. खुब्याचं आणि मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. जो तुझ्याकडे सायकलने येणार होता, त्यालाच तू सायकलवरून पाडलंस, एवढंच मी देवीला म्हणाले आणि त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड जुळतंय, आता कुबड्या घेऊन हळूहळू उभं राहायला हवं. पण बापू उभा राहायला तयार नव्हता. जेवण दोन घासांवर आलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मित्र आले की झोपेचं सोंग घ्यायचा. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते, माझी शाळा सकाळची. वर्गात पाढे म्हणून घेत असतानाही माझं लक्ष घराकडे असायचं, की आज तरी हा उठून बसला असेल का. आईला वेगळीच काळजी. तिच्या मते देवीला बोललेली यात्रा अपुरी राहिली तर पोराचा पाय कधीच सुटणार नाही. "बोलेल शे देवीले," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची आणि डोळे पुसायची.

एका दुपारी मंडळाचे अण्णा भेटायला आले. यात्रेचं सगळं तेच बघत होते. त्यांनी सहज म्हटलं, की बापूचं नाव आता काढावं लागेल. बापूने डोळे मिटून घेतले. मला काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "काढू नका. त्याच्याऐवजी मी जाते."

मग आई म्हणाली, "तू येडी व्हयनी का? तुले काही व्हयनं म्हंजे मी काय करसू?" अण्णा अवघडले. मंडळात एकही बाई नव्हती. आणि माझी सायकल म्हणजे पुढे टोपली असलेली लेडीज सायकल, घर ते शाळा आणि शाळा ते भाजीबाजार एवढाच तिचा प्रवास. पण बापूने मान वळवली होती. बऱ्याच आठवड्यांनी तो माझ्याकडे सरळ बघत होता. "ताई," तो म्हणाला, "तू टाचेने पेडल मारतेस. बारडोलीपर्यंतही पोचणार नाहीस." आणि किंचित हसला. त्या हसण्यासाठी मी काश्मीरपर्यंतही जायला कबूल झाले असते.

अशी माझी तयारी सुरू झाली. बापू खाटेवरून शिकवायचा. सीट वर कर, गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. टाच नको, पंजाने दाब. तहान लागायच्या आधी पाणी पी. सुरत अशी सपाट, की घाट चढायचा सराव करायचा कुठे? तापीवरचे पूल तेवढे चढाचे. मी पूल चढायचे, उतरायचे, पुन्हा वळून चढायचे. पुलावरचे लोक बघत राहायचे, बाईची काही वस्तू पडली आहे की काय म्हणून. बापू म्हणाला, खरा घाट म्हणजे समोरचा वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा हजिऱ्याच्या दिशेने सायकल मारून बघ. सापुताऱ्याचा घाट काय असतो ते इथेच कळेल.

त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं की हजिऱ्याच्या रस्त्याचीच मला धास्ती होती. मी ते त्याला सांगितलं नव्हतं. लोखंडाची भेंडोळी घेऊन जाणारे ट्रेलर, गॅसचे टँकर, कोळशाचे ट्रक, सगळे त्याच रस्त्याने धावायचे. मागून हॉर्न वाजला की माझे हात हँडलवर घट्ट आवळले जायचे आणि सायकल रस्ता सोडून मातीत उतरायची. रात्री स्वप्नात चाकंच चाकं दिसायची. आणि तरी मी जात राहिले, कारण मी परत आल्यावर बापू विचारायचा, "आज कुठपर्यंत?" आणि उत्तर ऐकता ऐकता तो एक पोळी जास्त खायचा. नवस, देवी, यात्रा यांतलं माझ्या मनात काही नव्हतं. होती ती फक्त भीती, आणि ही पोळी.

यात्रेला थोडेच दिवस उरले असतील. त्या दुपारी मी ठरवलं की आज इच्छापोरच्या पुढे जाऊनच वळायचं. वारा अंगावर येत होता, तोंडात धूळ जात होती, पण पाय चालत होते. मी पुढे गेले, वळले, आणि परतीला लागले तर कारखान्यांतून गाड्या सुटायची वेळ झालेली. एकामागून एक ट्रक माझ्या कोपराजवळून जाऊ लागले. प्रत्येक ट्रक गेला की हवेचा झोत सायकलला आत ओढायचा. एक टँकर इतका जवळून गेला की माझ्या ओढणीचं टोक त्याच्या बाजूला घासलं. मी कशीबशी सायकल मातीत घातली आणि खाली उतरले. त्यानंतर मला हलताच येईना. बोटं बधिर झाली, डोळ्यांपुढे बापू दिसू लागला, याच रस्त्यावर पडलेला. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसले. सूर्य खाली चालला होता. पुढे जाववेना, आणि तिथे बसून राहणंही शक्य नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी देवीशी बोलले. प्रार्थना वगैरे नव्हे, चिडूनच बोलले. म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. आता तुझं तू बघ.

थोड्या वेळाने एक ट्रक मला ओलांडून पुढे गेला आणि थांबला. माझा जीव आणखीच घाबरा झाला. केबिनमधून एक वयस्कर माणूस उतरला. मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर गोल टोपी. तो माझ्या जवळ आला नाही. चार हात लांब उभा राहून त्याने विचारलं, "बहन, कुछ हुआ? चोट लगी है?"

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने पाण्याची बाटली आणून जमिनीवर ठेवली आणि पुन्हा मागे सरकला. मी पाणी प्याले. मग मला रडूच कोसळलं आणि मी बोलून गेले, "मुझे ट्रक से डर लगता है."

त्याने एकदा आपल्या ट्रककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. हसला नाही. म्हणाला, "लगना ही चाहिए. मुझे भी लगता है, बेटी, मैं तो रोज चलाता हूँ." मग विचारलं, सायकल वर टाकू का, शहरात सोडतो. अनोळखी माणसाच्या केबिनमध्ये बसायचा मला धीर होईना. ते त्याला न सांगताच कळलं. "तो ऐसा करो," तो म्हणाला. "तुम आगे चलो, मैं पीछे हूँ. बाजू से कोई नहीं निकलेगा."

मी सायकलवर बसले. मागे इंजिन सुरू झालं. सुरुवातीला तो आवाज पाठीवर येताना मला ओरडावंसं वाटलं. ज्याच्या भीतीने मी झोपेतून दचकून उठत होते तेच माझ्या मागे लागलं होतं. पण ते पुढे येत नव्हतं. मी हळू झाले की तेही हळू व्हायचं. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकले, काही लांबून वळसा घालून गेले, पण माझ्या बाजूला एकही आला नाही. केव्हा कोण जाणे, त्या घरघरीची मला सवय झाली. गोठ्यात बांधलेल्या म्हशीच्या श्वासासारखी ती संथ चालली होती. माझी बोटं सैल झाली. मी पंजाने पेडल दाबत होते. रांदेरच्या बाजूला शहराची वस्ती लागली, दुकानांचे दिवे दिसू लागले, तेव्हा मी वळून बघितलं. त्याने खिडकीतून हात वर केला आणि ट्रक दुसऱ्या रस्त्याला वळवला. धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं. गाडीचा नंबरही मी बघितला नाही.

घरी आल्यावर मी बापूला सगळं सांगितलं, माझी भीतीसुद्धा. त्याने कोपरावर जोर देऊन अंग माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "ताई, मला त्या दिवशी दवाखान्यात कुणी आणलं, माहीत आहे?"

"पोलिसांनी ना?"

"पोलीस नंतर आले. एक दुसराच ट्रकवाला थांबला होता. त्याने मला उचलून केबिनमध्ये निजवलं. एक हात स्टेअरिंगवर आणि एक माझ्या छातीवर. सारखं म्हणत होता, सो मत, बेटा, सो मत."

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"डोळे कुठे उघडत होते? हात तेवढा आठवतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"त्याने मला जगवलं याचाच राग येत होता, ताई. पाय असा करून घेऊन काय जगायचं." एवढं बोलून तो रडू लागला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच रडला. आई आतून धावत आली आणि काही न विचारता त्याचं डोकं कुशीत घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तो कुबड्या काखेत घेऊन दाराच्या चौकटीत उभा होता. घामाने भिजलेला, चेहरा पांढराफटक, पण उभा. तो माणूस एकच होता की दोन निराळे होते, हे मला आजही माहीत नाही. मी शोधायचा प्रयत्नही केला नाही.

चैत्रात आम्ही निघालो. मंडळाचा एक टेम्पो सामान घेऊन सोबत येणार होता. बापू आणि आई त्यात बसले. भीती माझ्यासोबत होतीच. बारडोलीच्या रस्त्यावर हॉर्न वाजला की हात हँडलवर आवळले जायचे, पण सायकल मातीत उतरत नव्हती. उनाईला मुक्काम झाला तेव्हा मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. वघईच्या पुढे साग सुरू झाले, मग सापुताऱ्याचा घाट. अर्ध्या घाटात मी सायकलवरून उतरले आणि ढकलत चालू लागले. लाज वाटली. तेवढ्यात बघते तर अण्णाही उतरून ढकलत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, देवीने सायकल आण म्हटलंय, बसूनच ये असं कुठे म्हटलंय?" तेव्हापासून ते माझ्याशी मोकळे बोलू लागले.

नांदुरीचा शेवटचा चढ चढून आम्ही गडावर पोचलो तेव्हा बापू टेम्पोतून उतरून माझी वाट बघत होता. पुढे पायऱ्या. मला वाटलं तो खाली थांबेल. पण त्याने कुबड्या आईच्या हातात दिल्या, पहिल्या पायरीवर पाठमोरा बसला, आणि दोन्ही हातांनी अंग उचलून वरच्या पायरीवर घेतलं. मग पुढची. असा उलटा, दरीकडे तोंड करून, तो चढू लागला. लोक वाट द्यायचे, नमस्कार करायचे. मी बाजूने चढत होते आणि मनात एकच घोकत होते, याला वरपर्यंत ने. जवळजवळ निम्म्यावर त्याचे हात थरथरू लागले. तळहात सोलले होते. "ताई," तो म्हणाला, "बस. आता नाही होत. तू जा, माझा नमस्कार सांग."

आईचा चेहरा उतरला. इतक्या लांब येऊन दर्शन अर्धं राहणार होतं. मी एक पायरी वर गेले, आणि थांबले. मग परत येऊन त्याच्या शेजारी बसले. आम्ही तिघांनी तिथूनच, वर कड्याकडे बघून हात जोडले. मागायला काही सुचेना. पाय बरा कर, हे म्हणायला मी इतकी सायकल मारत आले होते, आणि ते शब्दच ओठांवर आले नाहीत. फक्त हात जोडलेले होते, आणि मी जोडल्यासारखं करत नव्हते.

तेवढ्यात दर्शन घेऊन उतरणारी एक म्हातारी आमच्यापाशी थांबली. दम लागला म्हणून ती आमच्याच पायरीवर टेकली. बापूच्या हातांकडे बघून तिने प्रसादाच्या फोडलेल्या नारळातला तुकडा त्याच्या सोललेल्या तळहातावर ठेवला. मग आपल्या कपाळावर लावून आणलेलं कुंकू बोटाने काढून त्याच्या कपाळाला लावलं, माझ्या लावलं, आईच्या लावलं. "वर काय आनी इथं काय, बाबा," ती म्हणाली, "तीच हाये." आणि कठड्याला धरून उतरू लागली.

बापू आजही किंचित लंगडत चालतो. मलाही ट्रकची भीती वाटतेच. ती जाईल असं आता मी धरूनही बसत नाही. जिथवर माझे पाय चालतात तिथवर मी जाते, आणि जिथे थकते तिथे बसून हात जोडते. त्या पायरीवर बापूने खोबऱ्याचा तो तुकडा दातांनी तोडून तिघांत वाटला, आणि आई उतरत्या म्हातारीकडे बघत म्हणाली, "देवी खाले उतरी वनी."