रिकाम्या गाड्या आधी

वाघोलीच्या ताईंना बसून काम करताना मी फारसं पाहिलं नाही. एका तळहातावर लॅपटॉप धरून, दुसऱ्या हाताने टाइप करत त्या स्वयंपाकघरात यायच्या आणि तशाच परत जायच्या. मी त्यांच्याकडे पोळ्या करायचे. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी ताईच म्हणायचे.

पोळीची गुंडाळी करून उभ्यानेच खायच्या. "निदान जेवताना तरी बसा," म्हटलं की त्यांचं यवतमाळचं उत्तर ठरलेलं, "मी बसली का डोकं बसते माह्यं, मावशी."

तेव्हा त्यांच्याकडे रुग्णवाहिकांच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम होतं. फोन आला की सर्वांत जवळची रिकामी गाडी पडद्यावर दिसायला हवी. ती दिसायला फार वेळ लागे. ताई पडद्यावर ओरडायच्या, "काऊन थांबला बे? तिकडे माणूस मरून राहिला ना!" सोमवारी कंपनीचे लोक बघायला येणार होते. उशीर दिसला तर काम दुसरीकडे जाणार होतं.

रविवारी दार उघडताच म्हणाल्या, "सापडलं, मावशी! मी लिहिलं होतं, आधी रिकाम्या गाड्या निवड, मग तेवढ्यांचंच अंतर मोज. मले वाटलं, लिहिलं तसंच करते. पण हा डेटाबेस क्रम आपल्या मनानं लावते. आधी साऱ्याच गाड्यांचं अंतर मोजत बसते, अन् मग पाहते का ही तर रिकामीच नाही!"

"असं का करतो?"

"त्याले वाटते, मोजणं फुकटात होते, वेळच लागत नाही. हे काम महाग आहे, हे मीच त्याले सांगितलं नव्हतं."

ते सांगितल्यावर गाडी लगेच दिसू लागली. सोमवारी लोक खूश होऊन गेले. मी म्हटलं, "आता तरी निवांत व्हा."

त्या फेऱ्या घालतच होत्या. "अन् एकही गाडी रिकामी नसली तर, मावशी?"

पुढे त्या बंगळुरूला गेल्या. निघताना माझ्या पाया पडल्या.

आता मी दुसऱ्या घरी जाते. नगर रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला की माझा हात थांबतो. गर्दीत तो एकाच जागी वाजत राहतो. जवळचीच गाडी निघाली असेल, पण ती पुढे का सरकत नाही? मी खिडकीशी जाते, परत येते, पुन्हा जाते.

"मावशी, तुमचं कुणी आहे का त्यात?" बाई विचारतात.

मी नाही म्हणते. तोवर तव्यावरची पोळी करपलेली असते.