गिरजाबाईचं मत

सुभेदार यादोराव नंदेश्वर पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले ते एक ट्रंक, दोन पदकं आणि एक वाईट सवय घेऊन. सवय नियम वाचायची. ग्रामसभा वर्षातून किती वेळा भरायला हवी, हे त्यांनी पुस्तकात पाहिलं आणि सरपंच केशवरावांना चारचौघांत विचारलं. तिथून बिनसलं.

मग त्यांनी लोकसत्ताक गट काढला. सभासद अकरा. बैठकीत नारळ फोडायचा नाही, आरती नाही, वंदनाही नाही. ज्याचा धर्म त्यानं घरी ठेवून यावं. त्यामुळं सभासद टिकाराम पोवाराच्या घरचे रागावले आणि सुभेदारांच्या बौद्ध वस्तीतलेही रागावले. दोन्हीकडून सारख्या शिव्या येतात म्हणजे काम चोख चाललंय, असं सुभेदार म्हणायचे. पाणवठ्यावर त्या शिव्या ऐकाव्या लागत त्यांच्या बायकोला, मंगलाबाईला. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे बैठकीत विचारायचे. गटात प्रत्येक गोष्ट मतं मोजूनच ठरायची, सतरंजी कुठं अंथरायची हेसुद्धा.

ब्याऐंशी साली धानाच्या शेवटच्या बांध्यांना तलावाचं पाणी मिळावं म्हणून गट तलावाच्या पाळीवर, बंधाऱ्यावरच जाऊन बसला. केशवरावांनी तक्रार केली आणि सुभेदार 'धोकादायक इसम' ठरले. दोन वर्षं भंडारा जिल्ह्यातून तडीपार. दोन लढायांत शत्रूला ज्यांना पाऊलभर मागं सारता आलं नाही, त्यांना एका कागदानं बावनथडीच्या पलीकडं, मध्यप्रदेशात नेऊन बसवलं. तिथल्या झोपडीतून त्यांना स्वतःच्या घराची कौलं दिसायची. नदी त्यांनी एकदाही ओलांडली नाही. "हुकूम चुकीचा आहे, पण हुकूम आहे," ते म्हणायचे. "कोर्टात मोडू." दर रविवारी गटच डोंग्यात बसून त्यांच्याकडे जायचा. गावच्या सरपंचाविरुद्धची बैठक अशा रीतीनं परराज्यात भरायची.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांची आई गिरजाबाई अंथरुणाला खिळली. पाय सुजले, अन्न सुटलं. तिला डोंग्यात घालणं शक्य नव्हतं. सुभेदारांनी एका दिवसाची परवानगी मागितली. उत्तर आलं की अर्ज दोन प्रतींत हवा. त्यांनी दोन प्रतींत पाठवला. मग उत्तरच आलं नाही.

रविवारी ठराव आला: सुभेदारांनी हुकूम मोडून आईला भेटावं. पकडले गेले तर तुरुंग, आणि कोर्टातला दावाही लंगडा पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःचाच विषय म्हणून सुभेदारांनी मत दिलं नाही. हिरालाल जवाहरनगरच्या कारखान्यात पाळीवर होता. उरलेल्यांचे हात मोजले. चार बाजूनं, त्यात मंगलाबाई, चार विरोधात.

"एक सभासद बाकी आहे," सुभेदार म्हणाले. "माय."

मत आणायला मंगलाबाई निघाली. टिकारामनं डोंगा हाकला आणि तो काठावरच थांबला.

गिरजाबाईनं ठराव नीट ऐकून घेतला. "विरोधात लिव," ती म्हणाली. "धरतीन त्याले. थोडेच महिने राह्यले, पुरे करू दे."

मंगलाबाईनं तिला पाणी पाजलं. निघताना म्हातारी म्हणाली, "बाई, मायी खाट दाराकडं फिरवून दे."

मंगलाबाईनं खाट फिरवली. मग ती परत डोंग्यात बसली. पलीकडं उतरल्यावर म्हणाली, "बाजूनं." आयुष्यात तिनं खोटं मत दिलं ते एवढंच, आणि तेही दुसरीचं.

अलीकडच्या घाटावर पहाऱ्याला भय्याजी शिपाई होता. सुभेदारांना उतरताना पाहून तो उठून उभा राहिला.

"साहेब, तुमी आले काय?"

"आलो."

"मंग मले लिहा लागन."

"लिहा."

"जेवून घेतो," भय्याजी म्हणाला. "मंग लिहितो."

गिरजाबाईनं लेकाला दारात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "काहून आला? मायं मत मोजलं नाई काय?"

सुभेदारांनी मंगलाबाईकडं पाहिलं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

"मोजलं, माय," ते म्हणाले. "तू हारली."

"असं काय," म्हातारी म्हणाली. "मंग बस."

ते संध्याकाळपर्यंत तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. भय्याजीचं जेवण तोवर चाललं. चौथ्या दिवशी गिरजाबाई गेली, तेव्हा सुभेदार कोठडीत होते.

महिन्याभरानं त्यांचं गटाच्या नावे पत्र आलं. मंगलाबाईनंच ते बैठकीत वाचून दाखवलं. "एक: सभासद मंगलाबाई यांनी खोटं मत नोंदवलं. त्यांचं सभासदत्व एक वर्षासाठी रद्द करावं. दोन: अध्यक्षानं एका सभासदाला खोटा निकाल सांगितला. अध्यक्षाचा राजीनामा घ्यावा. तीन: आईची भेट झाली. हे इतिवृत्तात लिहू नये, फक्त मंगलाबाईंना सांगावं. त्यांचे उपकार माझ्यानं या जन्मी फिटणार नाहीत."

पहिल्या कलमावर हात वर झाले. मंगलाबाईनं ते स्वतः मोजले, पत्राची घडी घालून टिकारामच्या हातात दिली आणि सभासद राहिली नाही म्हणून उठून ओसरीवर गेली. तिथं बसून ती पोटभर रडली.