मैदानाकडे पाठ करून

प्रल्हादने गेल्या सहा वर्षांत आयर्लंडमधल्या शे-दोनशे मॅचेसना हजेरी लावली असेल आणि त्यातली एकही पाहिलेली नाही. तो स्टुअर्ड आहे. पिवळं जॅकेट घालून कठड्याच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, तोंड प्रेक्षकांकडे, पाठ मैदानाकडे. खेळ बघायचा नाही, गर्दी बघायची, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. दुसरे स्टुअर्ड मान तिरकी करून हळूच बघून घेतात. प्रल्हाद बघत नाही.

पुण्यात तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. बायकोला, मृणालिनीला, इथे सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली आणि तो तेरा वर्षांच्या मुलीला, स्वरालीला, घेऊन मागोमाग आला. आठवडाभर घर सांभाळायचं, शनिवार-रविवार मैदानावर जायचं. आम्ही सँडीफोर्डला एकाच मजल्यावर राहतो, त्यामुळे त्याचा हट्टीपणा मी जवळून पाहिला आहे. माणूस लाखमोलाचा, पण नियम म्हटला की देवाचंही ऐकायचा नाही.

कोण जिंकतंय हे तो चेहऱ्यांवरून सांगतो. ऑगस्टमध्ये बॉल्सब्रिजच्या मोठ्या स्टेडियमवर अमेरिकेतली दोन कॉलेजं त्यांचा अमेरिकन फुटबॉल खेळायला येतात, बँडसकट आणि हजारो लोकांसकट. तिथून आला की तो मला ऐकवायचा, "सत्तर वर्षांचे आजोबा, अंबरीश. कॉलेजचा शर्ट घालून, बँड वाजायला लागल्यावर रडत होते. कॉलेज सोडून पन्नास वर्षं झाली असतील." मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. माझ्या कॉलेजचा रंग कोणता होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

स्वराली आता एकोणीस वर्षांची आहे आणि तिच्या कॉलेजकडून गेलिक फुटबॉल, हातापायांनी खेळायचा इथला खेळ, खेळते. तिच्या मॅचेस शनिवारी, बापाची ड्यूटीही शनिवारी. त्याने तिला खेळताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. या मार्चमध्ये तिचं कॉलेज फायनलला पोचलं आणि मॅच नेमकी त्याच्याच मैदानावर आली. त्याने सुट्टी मागितली, मिळाली नाही. आदल्या दिवशी चहाला मी त्यांच्याकडेच होतो.

"जस्ट वन्स, बाबा," स्वराली म्हणाली. "टर्न अराउंड जस्ट वन्स."

"बघू," तो म्हणाला.

मृणालिनीची ड्यूटी त्या आठवड्यात लांब, स्लायगोच्या हॉस्पिटलात होती. तिने मला फोन केला. "भाऊजी, तुम्ही तरी जा. घरचं कुणीतरी दिसू दे तिला." म्हणून मी गेलो, आणि प्रल्हादच्या बरोबर समोर, पहिल्याच रांगेत बसलो.

आमचा सगळा स्टँड स्वरालीच्या कॉलेजच्या मोरपंखी रंगाचा झाला होता. पोरींनी गाल रंगवले होते, एक जण गळ्यात ढोल अडकवून बडवत होती, एक म्हातारे प्राध्यापक मफलर गरगर फिरवत होते. त्यांचं गाणं मला येत नव्हतं, पण अर्ध्या तासाने मीही शेवटची ओळ ओरडायला लागलो. स्वराली पळायला लागली की माझ्या मागचे अनोळखी लोक तिच्या नावाने ओरडायचे. नावाचे हाल करत होते, पण ओरडत होते. माझा ऊर भरून आला. आणि समोर तो उभा, मख्ख.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि आम्हाला फ्री किक मिळाली. दोन उंच खांबांच्या मधून चेंडू गेला की बरोबरी. मारायला स्वराली पुढे आली. सगळा स्टँड उठून कठड्याकडे रेटायला लागला. मी हात हलवून प्रल्हादला खुणा केल्या, वळ, अरे वळ ना. त्याने मला पाहिलं. तो वळला नाही. माझ्या शेजारी एक लहान मुलगी कठड्याला चिकटली होती. तिला दाबत येणाऱ्या गर्दीकडे बघत त्याने दोन्ही हात पसरले आणि "मागे, मागे" म्हणत राहिला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सांगता सोय नाही.

स्वरालीने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. पलीकडच्या स्टँडमध्ये एकच जल्लोष झाला.

आमचे लोक निघायला लागले, तेव्हा ती चिखलाने भरलेल्या गुडघ्यांनी प्रल्हादच्या मागे येऊन उभी राहिली. तो अजून स्टँडकडेच बघत होता.

"यू डिडन्ट सी इट," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

"नाही."

"ग्रँड. एव्हरीवन हेट्स मी नाऊ."

"नाही, बाळा," प्रल्हाद म्हणाला. "चेंडू बाहेर गेला तेव्हा मी तुझ्या कॉलेजच्या लोकांकडेच बघत होतो. ढोलवालीने तोंड झाकलं. ते मफलरवाले सर मटकन खाली बसले. वाईट सगळ्यांना वाटलं. राग कुणालाच आला नाही. राग कसा दिसतो ते मला कळतं, माझं कामच आहे ते."

"नॉट वन?"

"एक होता." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा काका. पण तो माझ्यावर चिडला होता."

स्वरालीने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली. "हो गं," मी म्हणालो, "त्याच्यावरच." ती नाक ओढत थोडीशी हसली, पण तिथून हलली नाही.

ढोल घेऊन ती मुलगी सगळ्यांत शेवटी जिन्याने वर गेली. स्टँड रिकामा झाला. प्रल्हादने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आणि मग तो वळला.