फाटकावरचा बगळा

१८८४ साली ठाण्याच्या मंडळींनी वर्गणी काढून तळ्याकाठी बाग केली आणि धाकू कोळ्याला माळी नेमलं. तिथल्या चिंचेवर बगळ्यांची घरटी होती. पडलेलं पिल्लू धाकू पुन्हा वर नेऊन ठेवी, दगड मारणाऱ्याला आईबापावरून शिव्या देई.

एका संध्याकाळी बगळा शिटला, तो नेमका बागेचे कारभारी त्र्यंबकपंत वकील यांच्या पगडीवर. चिंच तोडायचं ठरलं.

“रावसाहेब, पिलां उडूं द्या, मंग तोडा,” धाकू म्हणाला.

“बाग माणसांसाठी आहे,” पंत म्हणाले, आणि कुऱ्हाड धाकूच्याच हातात दिली.

पुढच्या वर्षी बाग ओकीबोकी दिसते म्हणून पंतांनी फाटकावर पांढराशुभ्र बगळा रंगवून घेतला. त्याच्यावर कावळे शिटतात. धाकूने तो रोज सकाळी पुसायचा, असा पंतांचा हुकूम आहे.