प्रबोध खांबेटेचं गेंटिंग

सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये कुणाचेही आईवडील पुण्या-मुंबईहून आले, की थोड्याच दिवसांत गेंटिंगचा विषय निघतो. सिंगापूर बघून संपलेलं असतं आणि म्हातारी माणसं उकाड्याला वैतागलेली असतात. गेंटिंग म्हणजे मलेशियात डोंगरमाथ्यावर वसवलेलं कॅसिनोचं गाव, थंडगार आणि बहुतेक वेळ धुक्यात. आपल्या माणसाला घाट आणि धुकं मिळालं की तो खूष, जुगाराशी त्याला देणंघेणं नसतं. मग सगळे एकाच माणसाला फोन लावतात, आमच्या शेजारच्या प्रबोध खांबेटेला.

प्रबोध एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट आहे. एरवी लिफ्टमध्ये भेटला तर हसण्यावर भागवणारा माणूस, पण गेंटिंग म्हटलं की त्याला कंठ फुटतो.

"सकाळची बस घ्या. सरहद्दीवर तुआसच्या चेकपॉइंटला सगळं सामान घेऊन उतरायचं, आणि बसचा नंबर लक्षात ठेवायचा, ती ताटकळत बसत नाही. मलेशियाचं अरायव्हल कार्ड घरूनच ऑनलाइन भरा. स्वेटर आणि कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत गेली की उपयोग नाही. केबल कार होईल तितक्या लवकर गाठा, वारा सुटला की बंद ठेवतात. मधल्या स्टेशनला उतरलात तर चिनी देऊळ आहे, तिथे म्हातारी माणसं रमतात. वर शाकाहारी मिळतं, पण शोधत फिरावं लागतं, तेव्हा दशम्या न्या."

"आणि कॅसिनो?" मी मुद्दाम विचारायची.

"एकवीसच्या आतल्यांना सोडत नाहीत, मेधाताई. बाकी मला माहीत नाही, मी कधी आत गेलो नाही."

त्याला ही माहिती कुठून मिळाली ते मात्र सांगायला हवं. त्याची आई साधनाकाकू पुण्यात शाळेत गणित शिकवायच्या. नवरा गेला, बिऱ्हाड मोडलं नाही, पण एकट्या पडल्या. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या आणि प्रबोधची झोप उडाली. आईला इथे कायम ठेवून घ्यायचं तर वेगळा पास लागतो आणि त्याला पगाराची अट असते. प्रबोधचा पगार त्या अटीखाली होता. व्हिजिट पासवर साधारण महिना मिळायचा. मग कुणीतरी त्याला सांगितलं, मुदत संपत आली की मलेशियात जाऊन या, परत येताना नवा महिना मिळतो. असं करणारा तो काही पहिला नव्हता. इथली निम्मी आजी-आजोबा मंडळी अशीच राहिलेली आहेत, फक्त कुणी त्याबद्दल मोठ्यांदा बोलत नाही.

आईला हे सांगायला त्याची जीभ रेटेना. "आई, चल, जरा थंड हवेला जाऊ," एवढंच तो म्हणायचा. काकू लगेच पातळाच्या घड्या घालायला घ्यायच्या. परत आल्या की मला कॉरिडॉरमध्ये गाठून धुक्याचं वर्णन करायच्या. पर्समध्ये आवळा सुपारीची डबी आणि लिंबू कायम असायचं. पचनासाठी, असं त्या म्हणायच्या आणि आम्हाला ते खरं वाटायचं. "माझ्या आईला गेंटिंगचं वेड आहे," असं प्रबोध कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

मला राग येतो तो इथे. कॅसिनोचं दारही न ओलांडलेला हा सरळ माणूस दर वेळी इमिग्रेशनच्या काउंटरवर आईला पणाला लावत होता, आणि ते त्याला कळत होतं. दुसरा रस्ता असता तर त्यानं हे केलं नसतं, हेही मला कळतं. तरी राग येतो.

इंग्रजीची तयारी नात गार्गी करून घ्यायची. ती ऑफिसर व्हायची आणि काकू सोफ्यासमोर उभ्या राहायच्या. "आय ॲम व्हिजिटिंग माय सन," काकू घोकायच्या. "कॅन लाह, आजी," असं इथल्या बोलीत पास करून गार्गी उशीवर शिक्का मारायची.

शेवटच्या खेपेला तुआसला परतताना प्रबोध, त्याची बायको नीता आणि गार्गी पुढे निघून आले. काकूंना पासपोर्टच्या मशीननं काउंटरकडे पाठवलं. तिथे एक तरुण मुलगी होती. ती अगदी मायेनं बोलली, असं काकूंनीच नंतर सांगितलं. तिनं विचारलं, "आंटी, कुठे राहता तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "आय लिव्ह हिअर. पुंगोल. विथ माय सन."

त्या मुलीचं काही चुकलं नाही. पाहुणी म्हणून आलेली बाई इथेच राहते म्हणाली, मागच्या फेऱ्या समोर दिसत होत्या, तिनं नियमाप्रमाणे वरिष्ठांना बोलावलं. काकूंना आत सोडलं नाही. नीता आणि गार्गी बसनं घरी आल्या. प्रबोध आईबरोबर उलटपावली मलेशियात गेला आणि क्वालालंपूरहून तिचं पुण्याचं तिकीट काढलं.

विमानतळावर त्यानं तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. काकू म्हणाल्या, "मला पहिल्या खेपेपासून माहीत होतं रे. मी गणिताची बाई आहे, महिने मोजता येतात मला."

"मग तसं का सांगितलंस तिला?"

"पाठ केलेलं सगळं विसरले. खरं होतं तेच तोंडात आलं." मग त्यांनी पर्समधली आवळा सुपारीची डबी त्याच्या हातावर ठेवली. "ही आता नको मला. तो घाट सुटला ते एक बरं झालं. मला लहानपणापासून गाडी लागते."

प्रबोध हे मला सांगताना रडला. त्या दिवसानंतर काकूंचा व्हिसा पुन्हा झाला नाही. पुण्यात दिवसाची बाई ठेवली होती, रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, आणि एका सकाळी काकूंनी तो उचलला नाही. प्रबोध पोचेपर्यंत नातेवाइकांनी सगळं उरकलं होतं.

मला वाटलं होतं, आता हा गेंटिंगचं नाव काढणार नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या तन्मयची आई नागपूरहून आली आणि तन्मयनं लिफ्टशी प्रबोधला गाठलं. मी तिथेच होते. प्रबोधनं सगळं सांगितलं, बस, सामान, स्वेटर, केबल कार, दशम्या. लिफ्ट आली तरी तो आत शिरला नाही.

"आणि आईला गाडी लागते का, ते आधी विचार," तो म्हणाला. "नाही म्हणाली तर पुन्हा विचार."